मॅन्युअल फोर बाय फोर बुक केलीय, डीलर म्हणतो ऑटोमॅटिक घेऊन जा. काय करू?

तापीकाठ | ६ जुलै २०२५

राम राम मंडळी. आधीच सांगतो, गाडीचं नाव आणि डीलरचं गाव विचारू नका, बुकिंग अजून चालू आहे आणि शोरूममधलं कुणीतरी इथं वाचतं असा मला दाट संशय आहे. तीन पेडल, चारही चाकांना ताकद आणि लो रेंज (हळू पण जास्त ओढ देणारे गिअर) एवढं समजा, पुरे.

झालं असं की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), म्हणजे ३० एप्रिलला बुकिंग केलं. आमचं शेत चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, गावापासून आत अडीच किलोमीटर, सगळी काळी माती. आषाढ लागला की तिथं ट्रॅक्टर किंवा बैलगाडी, बाकी सगळं बंद. मागच्या वर्षी नानांना (माझे वडील) भर पावसात छातीत दुखलं आणि आम्ही त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोणपाटावर बसवून रस्त्यापर्यंत आणलं. गॅसच निघाला पण त्या दिवशीच ठरलं की बाराही महिने शेतात जाईल अशी गाडी घ्यायची. आणि नाना चालवणार म्हणजे मॅन्युअलच, त्यांनी जन्मभर जीप चालवलीय, डाव्या पायाला काम नसलं तर त्यांना झोप येते असं ते स्वतः म्हणतात.

सेल्सवाला पोऱ्या म्हणाला आठ आठवडे. जून गेला. आता म्हणतो "सर मॅन्युअल फोर बाय फोरचं प्रॉडक्शनच होत नाहीये, ऑटोमॅटिक यार्डात उभी आहे, उद्या घेऊन जा, सीट कव्हर मॅटिंग फ्री देतो." पावतीवर मॉडेलचं नाव छापलंय आणि खाली पेनाने फोर बाय फोर लिहिलंय, बस. थांबू, कॅन्सल करू की ऑटोमॅटिक घेऊन मोकळा होऊ?

शेवभाजी | ६ जुलै

साडेतीन मुहूर्तांपैकी एकावर बुक केली ना भो, उरलेल्या अडीचात मिळेल की. घाई काय.

पूर्वी_शोरूममध्ये | ६ जुलै

मी सहा वर्षं सेल्समध्ये होतो (कंपनी दुसरी, जिल्हाही दुसरा), आतलं गणित सांगतो म्हणजे राग जरा योग्य माणसावर निघेल.

डीलरच्या यार्डातली प्रत्येक गाडी त्याने कंपनीकडून विकत घेतलेली असते, बँकेच्या पैशावर. गाडी उभी राहिली की रोज व्याज चालू. त्यामुळे सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर एकच यादी वाचतो, कुठली गाडी किती दिवसांची झाली. साठ दिवसांच्या वरची जी गाडी असेल ती त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला "तुमच्यासाठीच ठेवलीय" होते. तुला दाखवतायत ती ऑटोमॅटिक अशीच असणार.

मॅन्युअल फोर बाय फोर कुणी स्टॉकला मागवत नाही. आपल्याकडे लोक ही गाडी रुबाबासाठी घेतात, त्यांना टू व्हील ड्राइव्ह चालते. खऱ्या फोर बाय फोरला महिन्याला गिऱ्हाइक एक नाहीतर दोन. म्हणून ती तुझ्या नावाने ऑर्डर पडली तरच येते. आणि बऱ्याचदा ऑर्डर पडलेलीच नसते! पावती फाडली, पैसे घेतले, कंपनीच्या सिस्टिममध्ये नोंद शून्य, किंवा नोंद आहे पण भलत्याच व्हेरियंटची.

तर उद्या जाऊन ऑर्डर नंबर माग. पावतीचा नव्हे, कंपनीच्या सिस्टिममधला. मग कंपनीच्या कस्टमर केअरला स्वतःच्या मोबाईलवरून फोन करून तो नंबर सांग आणि विचार की इंधन, गिअरबॉक्स, फोर बाय फोर, रंग काय काय लागलंय. पेनाने लिहिलेल्या अक्षराला किंमत नाही.

तापीकाठ | ८ जुलै

दादा तुमचं तोंड गोड करायला पाहिजे. फोन केला. नोंद आहे पण ऑटोमॅटिकची!! आणि ती पण २१ जूनला टाकलेली, म्हणजे आखाजीपासून पावणेदोन महिने माझे पैसे नुसते पडून होते. शोरूमला गेलो तर मॅनेजर म्हणतो टायपिंग मिस्टेक. आता माझ्यासमोर कॉम्प्युटरवर दुरुस्त करून घेतलं, व्हेरियंट कोडसकट प्रिंट घेतली, सही शिक्का घेतला. पण तारीख नवीन पडली, ८ जुलै. जुनी नंबरवारी गेली म्हणे.

गाडीवेडा३९ | ८ जुलै

नंदुरबारहून. तुला मॅन्युअलच पाहिजे तर फोर्सची गुरखा घे ना, तिला ऑटोमॅटिक येतच नाही, डीलर भुलवणार कशाने? २.६ लिटर डिझेल, पाच गिअर, पुढच्या मागच्या दोन्ही अॅक्सलला डिफरन्शियल लॉक (डावं उजवं चाक एकत्र फिरवणारं), स्नॉर्कल (पाण्यात इंजिनाला हवा देणारी उंच नळी) कंपनीतूनच. बनते पण आपल्या शेजारी, पिथमपूरला, सेंधव्याचा घाट चढून गेलं की झालं. मे २०२४ पासून पाच दारांची पण मिळते.

एमएच१८_भाऊ | ८ जुलै

गुरखा दणकट आहे पण सर्व्हिस सेंटर किती लांब ते बघून घ्या. गाडी दहा वर्षं ठेवायची असते, नुसती शोरूममधून काढायची नसते.

एक उलटं बोलतो, शिव्या द्या. माझ्याकडे ऑटोमॅटिक फोर बाय फोर आहे आणि चिखलात ती मॅन्युअलपेक्षा सोपी जाते. काळ्या मातीत थांबलात की संपलात, आणि मॅन्युअलमध्ये गिअर बदलायला क्लच दाबला की त्या अर्ध्या सेकंदात गाडी बसते. नवशिका माणूस मग अर्धा क्लच धरून इंजिन ओरडवतो, पाच मिनिटांत जळका वास. ऑटोमॅटिकमध्ये पाय एकसारखा ठेवायचा, बाकी ती बघते.

सातपुडा_भटक्या | ९ जुलै

भाऊ बरोबर बोलले पण अर्धंच. लो रेंज कशाला दिलीय मग? फोर एल (चारही चाकं, लो रेंज) टाकून दुसऱ्या गिअरला लावायचं आणि क्लचवरून पाय उचलून खाली ठेवून द्यायचा, शेत पार होईपर्यंत गिअर बदलायचाच नाही. क्लच जळतो तो हाय रेंजमध्ये हळू जायचा प्रयत्न केल्याने.

आणि उतार विसरू नका. मी तोरणमाळला पावसाळ्यात चार पाच वेळा जातो. सातपायरीचा घाट उतरताना धुकं, रस्त्यावर ओली माती वाहून आलेली, मध्येच गुरं. दुसऱ्या गिअरला टाकली की गाडी इंजिनवरच उतरते, ब्रेकला नुसता धक्का द्यायचा. ऑटोमॅटिकमध्ये पण गिअर धरून ठेवता येतो, नाही असं नाही, पण माझ्या बाजूला बसणारे ऑटोमॅटिकवाले सगळे डी मध्येच टाकून ब्रेकवर उभे असतात आणि खाली शहाद्याच्या वाटेला लागेपर्यंत चाकांचा वास.

@तापीकाठ, कोरड्या डांबरीवर फोर एच (चारही चाकं, हाय रेंज) लावून चालवू नका नानांना सांगा. या गाड्यांमध्ये पुढच्या मागच्या अॅक्सलमध्ये फरक पडू द्यायला मधलं डिफरन्शियल नसतं, वळणावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते. डांबरीवर टू एच (दोनच चाकं), माती लागली की फोर एच, रुतायची भीती वाटली की फोर एल, आणि फोर एल टाकायची रुतायच्या आधी, नंतर नाही.

शेवभाजी | ९ जुलै

रुतल्यावर काय टाकायचं?

सातपुडा_भटक्या | ९ जुलै

ट्रॅक्टरवाल्याला फोन.

पण खरंच, काळ्या मातीत गाडी कुठलीही असो, टायर भरतो. कंपनीच्या टायरच्या खाचांत ती माती अशी बसते की पन्नास फुटांत टायर गुळगुळीत तुळतुळीत होतो, मग चार चाकं फिरली काय आणि दोन काय. हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवली की फरक पडतो, पण परत डांबरीला लागण्याआधी भरायची, म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीतच ठेवा. आणि हलक्या गाडीला कमी लेखू नका, जिमनी साधारण बाराशे किलोची आहे, जिथं जड गाडी खाली बसते तिथं ती वरून निघून जाते. पेट्रोल आहे, ओढ कमी आहे, पण चिखलात वजन हाच शत्रू.

केळीवाला_रावेर | १२ जुलै

कुणी पैशाचं बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, गेल्या वर्षी हात पोळलेत माझे.

एक तर रोख. केळीचे पैसे आले, काका पिशवी घेऊन शोरूमला. ते म्हणे घेता येत नाही. कायद्याने एका व्यवहारात एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेताच येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड लागतो. काकांना वाटलं आपल्यावर संशय घेतायत, भांडणच झालं. तर पैसे आधीच खात्यात टाका आणि आरटीजीएस करा.

दुसरं टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर. गाडी दहा लाखांच्या वर गेली की डीलर एक टक्का टीसीएस कापतो. तो जादा कर नाही, आपलाच पैसा आहे, आपल्या पॅनवर फॉर्म सव्वीस एएसमध्ये (जमा कराच्या उताऱ्यात) दिसतो आणि रिटर्न भरलं की परत मिळतो. पण आपण शेतकरी, उत्पन्न शेतीचं, रिटर्न कधी भरलेलंच नसतं! मग ते पैसे तिथंच. मी सीएकडे गेलो तेव्हा कळलं. रिटर्न भरलं, दोन महिन्यांत खात्यात आले. पॅन दिला नाही तर जास्त दराने कापतात तेही लक्षात ठेवा.

तिसरं इन्शुरन्स. शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही. मी बाहेरून तसंच झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट टाकून कोट आणलं, त्यांना दाखवलं, त्यांनी लगेच त्याच्या खाली आणलं. नाल्यातून गाडी घालणार असाल तर इंजिन प्रोटेक्ट पाहिजेच, इंजिनात पाणी गेलं तर साधी पॉलिसी हात वर करते.

आणि कोटेशनमध्ये हँडलिंग चार्ज नावाची ओळ दिसली की पेनाने खोडा आणि परत द्या. कशाचं हँडलिंग? गाडी आपणच हाताळणार ना.

पुण्यातला_खान्देशी | १३ जुलै

आरटीओ टॅक्स पण धरा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या गाडीला पेट्रोलला १२ टक्के, डिझेलला १४. इथं पुण्यात मित्राने शोरूम प्राइस बघून कर्ज काढलं आणि ऑन रोड ऐकून चक्कर आली.

आणि तिथं मिळत नसेल तर नाशिक, पुण्याच्या डीलरला विचारा, आधार जळगावच्या पत्त्याचं असेल तर नंबर एमएच १९ चाच पडतो. माझ्या भावाने तसंच केलं.

तापीकाठ | १७ ऑगस्ट २०२५

अपडेट. श्रावणातला कानबाईचा सण येऊन गेला, गाडी नाही. परवा १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करणार, दिवाळीपर्यंत करणार असं भाषण झालं. आणि काल, बरोबर काल, शोरूममधून फोन! "सर तुमची मॅन्युअल आली, पोळ्याला डिलिव्हरी करून टाकू, उद्याच बिल करतो." चार महिने नव्हती आणि भाषण झाल्याबरोबर आली. माझं डोकं चालेना. नाना म्हणतात घेऊन टाक, पाऊस चालू आहे तोवर उपयोग.

पूर्वी_शोरूममध्ये | १७ ऑगस्ट

थांब! बिल करू देऊ नको. कर बिलाच्या तारखेचा लागतो, बुकिंगच्या तारखेचा नाही. डीलर लोकांच्या पोटात गोळा आलाय कारण त्यांनी जुन्या कराने गाड्या घेऊन ठेवल्यात, त्यावरचा सेस (जीएसटीच्या वरचा जादा कर) त्यांच्या खात्यात अडकेल ही भीती आहे. जेवढ्या गाड्या आत्ता जातील तेवढं बरं. गाडी खरंच आली असेल तर जाऊन बघून ये, चेसिस नंबरचा फोटो काढ, सही कशावरही करू नको.

एमएच१८_भाऊ | १७ ऑगस्ट

मोठ्या एसयूव्हीला आत्ता २८ आणि वर २२ सेस, पन्नास टक्के होतात. थोडं जरी खाली आलं तरी लाखाची गोष्ट आहे भो.

तापीकाठ | १९ ऑगस्ट

जाऊन आलो. सविस्तर लिहितो कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

यार्ड शोरूमच्या मागे, पत्र्याचं शेड, अर्ध्या गाड्या उघड्यावर. माझी म्हणून दाखवली ती शेवटच्या रांगेत, धुतलेली, चकाचक, बॉनेटवर पाणी अजून सुकलं नव्हतं. रंग बरोबर, मॅन्युअल, फोर बाय फोर. मी खुश. मग सातपुडा भाऊंनी फोनवर सांगितलं होतं तसं खाली बसलो आणि टायर वाचला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. होते ०९२५. म्हणजे टायर फेब्रुवारी अखेर, मार्चच्या सुरुवातीचा. म्हटलं टायर आधीचा असू शकतो. फॉर्म २२ मागितला, त्यावर गाडी बनल्याचा महिना असतो. पोऱ्या टाळाटाळ करायला लागला, मी तिथंच टाकीवर बसून राहिलो, अर्ध्या तासाने आणला. मार्च २०२५.

म्हणजे मी आखाजीला बुक करायच्या आधीच ही गाडी बनून तयार होती, आणि मला चार महिने सांगत होते प्रॉडक्शन नाही. मीटरवर २१४ किलोमीटर. ड्रायव्हर सीटखाली दुसऱ्याच शहरातल्या पेट्रोल पंपाची पावती. बॉनेट उघडलं तर बॅटरीजवळच्या वायरच्या कव्हरवर उंदराचे दात, एका जागी तांब्याची तार चमकत होती. मॅनेजरला दाखवलं तर म्हणे "टेप मारून देतो."

टेप. नव्या गाडीला.

शेवटी खरं निघालं, दुसऱ्या गावच्या डीलरकडे कुणीतरी कॅन्सल केलेली, तिथं पडून होती, यांनी आणली.

शेवभाजी | १९ ऑगस्ट

उंदराने पण मॅन्युअलच पसंत केली बघ.

केळीवाला_रावेर | १९ ऑगस्ट

नाकारा. लेखी. ईमेल करा डीलरला, कंपनीला कॉपी. ऑर्डर नंबर, फॉर्म २२ चा फोटो, वायरचा फोटो. आणि खाली एक ओळ, उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करतो. भांडू नका, आवाज चढवू नका, नुसता ईमेल. आवाजाला ते सरावलेत.

सातपुडा_भटक्या | २० ऑगस्ट

आणि पुढची गाडी येईल तेव्हा यार्डातच लो रेंज टाकून दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे चालवून बघा. लोक रंगावरचा ओरखडा शोधत बसतात आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच बघत नाहीत. जॅक, पाना, स्टेपनी, ओढायचा हुक, सगळं हातात घेऊन बघायचं. हुक तर हमखास गायब असतो.

पुण्यातला_खान्देशी | ४ सप्टेंबर २०२५

काल रात्री जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला. २२ सप्टेंबर, घटस्थापनेपासून. चार मीटरच्या आतली, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत, तिला १८. त्याच्या वरच्याला ४०, सेस गेला. आपल्या फोर बाय फोर बहुतेक सगळ्या ४० मध्ये. थारच्या दीड लिटर डिझेलला १८ लागेल, आणि ती मॅन्युअलच येते, पण ती नुसती मागच्या चाकांवर चालते, तापीकाठच्या शेतात तिचा काय उपयोग.

तापीकाठ | २४ ऑक्टोबर २०२५

आली!!!

ईमेलनंतर आठ दिवसांत कंपनीकडून फोन आला, गोड बोलणारी बाई होती, ऑर्डर नंबर विचारला, बाकी काही नाही. त्यानंतर शोरूमचा सूरच बदलला. गाडी सप्टेंबरची बनलेली, मीटरवर ३१, टायर ३४२५, लो रेंज यार्डात टाकून बघितली, हुक खरंच नव्हता, मागून घेतला. नव्या कराने बिल. हँडलिंगची ओळ खोडली तर मॅनेजर हसला आणि गप्प बसला. दसऱ्याला गर्दी होती म्हणून नाही जमलं, डिलिव्हरी मिळाली पाडव्याला, २२ ऑक्टोबरला. शेवभाजी तू म्हणाला होतास अडीच मुहूर्तांत मिळेल, तो अर्धाच कामी आला.

मायने ओवाळलं, चारही चाकांखाली लिंबू, एक नानांनी वाचवलं, म्हणे सरबताला राहू दे. मग ते बसले. आधी काही न करता नुसता क्लच तीन वेळा दाबून सोडला, गिअर चाचपले, आरसा नीट केला. मी शेजारी. शेतापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. परवाच थोडा पाऊस झालेला, नाल्याजवळ चिखल होता, मी म्हटलं फोर एल टाका, ते म्हणाले गप बैस, आणि टाकली. गाडी दुसऱ्या गिअरला स्वतःच चालत गेली, ट्रॅक्टरसारखी. पलीकडे जाऊन थांबवली आणि म्हणाले, "आते गाडी वाटस."

एकच प्रश्न उरलाय. आज सकाळपासून तो सेल्सचा पोऱ्या चार वेळा फोन करून राहिला, कंपनीकडून फीडबॅकचा फोन येईल, दहापैकी दहाच द्या सर, नऊ दिले तरी इन्सेंटिव्ह कापतात. काय देऊ?

एमएच१८_भाऊ | २४ ऑक्टोबर

अभिनंदन नानांचं! दोन दे. चार महिने खाल्ले त्याने.

पूर्वी_शोरूममध्ये | २४ ऑक्टोबर

पोऱ्याला दहा दे. कापलं तर त्याचंच कापतात, ज्याने मार्चची गाडी धुऊन उभी केली त्याच्या पगाराला धक्का लागत नाही. मी पण असे फोन केलेत, दिवाळीच्या आदल्या दिवशी केलेत. पण फोनवर शेवटी विचारतात आणखी काही सांगायचंय का, तेव्हा उंदराची गोष्ट तारखेसकट सांग.

केळीवाला_रावेर | २४ ऑक्टोबर

आणि टीसीएस विसरू नका, रिटर्न भरा.

शेवभाजी | २४ ऑक्टोबर

आता तरी सांग भो, गाडी कोणती?

तापीकाठ | २५ ऑक्टोबर

तीन पेडलवाली.